फक्त आपल्यालाच

३ मार्च, सोमवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस. वय बावन्न. एकोणीस वर्षं मी शालेय पुस्तकांची मुद्रितं तपासली, ऱ्हस्व-दीर्घाची राखण केली, आणि एके दिवशी छापखान्याने सांगितलं की हे काम आता मशीन करणार. मशीनने पहिल्याच पुस्तकात 'शिक्षक दिना'चा 'शिक्षक दीन' केला. एकाही शिक्षकाने तक्रार केली नाही. असो.

आता मी 'गुपचूप'मध्ये आहे. हे निरोप पाठवायचं अ‍ॅप. बाकीची अ‍ॅपं आपले निरोप वाचतात आणि त्यावरून आपल्याला बनियनच्या जाहिराती दाखवतात. आमचं अ‍ॅप तसलं काही करत नाही, कारण आमच्याकडे कुलपं आहेत. निरोप निघतानाच त्याचा असा भुगा होतो की वाटेत कोणाच्या हाती लागला तरी नुसता भुगाच लागतो, आणि पोचला की त्याचा परत निरोप होतो. हे मला सुरक्षाप्रमुखांनी समजावलं. सगळ्या किल्ल्या त्यांच्याकडे, म्हणून मी त्यांचं नाव किल्लेदार ठेवलंय. माझं काम अ‍ॅपमधला मराठी मजकूर लिहायचं. बटणांवरचे शब्द, सूचना आणि दिलासे. दिलासेच जास्त.

गुप्तता सांभाळणाऱ्या या कंपनीत एकही भिंत नाही. सगळी काच. कोण डबा खातंय, कोण डुलक्या काढतंय, सगळं सगळ्यांना दिसतं. मालक म्हणाले, "आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?" त्यांना साहेब म्हटलं तर दुखावतात. "इथे कोणी साहेब ना," असं त्यांनी अर्ध्या तासात तीनदा सांगितलं, 'नाही'तला 'ही' दर वेळी गिळून. म्हणून मी त्यांचं नाव ठेवलं नासाहेब. हे फक्त इथे. तोंडातून निघालं तर पहिल्याच आठवड्यात घरी.

'इथे' म्हणजे अ‍ॅपमधल्याच 'मनातलं' नावाच्या कप्प्यात. दैनंदिनीसाठी केलाय, कर्मचाऱ्यांना फुकट. किल्लेदार म्हणाले, "बिनधास्त लिहा. ब्रह्मदेव आला तरी वाचता येणार नाही." मला हे हवंच होतं. घरी वही ठेवली तर आई वाचते, वर माझ्या चुका काढते.

खुर्ची कुरकुरते. मी जरा हललो की अख्खा मजला माझ्याकडे बघतो. पण पहिल्याच दिवशी तक्रार कुठे करायची?

६ मार्च, गुरुवार

आज इतिहास घडला आणि तो मी घडवला.

अ‍ॅप उघडलं की पहिल्या पडद्यावर एक वाक्य दिसायला हवं, ज्याने माणूस निर्धास्त होईल. आधीच्या लेखकाची अकरा वाक्यं कंपनीच्या वकीलबाईंनी नापास केली होती. अकरावं होतं, 'तुमचा निरोप आम्हीसुद्धा वाचू शकत नाही.' त्यातल्या 'आम्हीसुद्धा'खाली बाईंनी दोन रेघा ओढून लिहिलं होतं, 'इतकं खोलात शिरायची गरज नाही.' मग तो लेखक नोकरीच सोडून गेला. काही लोकांना टीका सोसत नाही.

मी आधी लिहिलं, 'तुमचा निरोप फक्त तुम्हालाच वाचता येतो.' पण ते 'तुम्ही' जरा उघडंबोडकं वाटलं. आईच्या वयाची माणसं हे वाचणार. शिवाय निरोप पाठवणारा एक, घेणारा दुसरा. दोघांना कवेत घेईल आणि वर मानही देईल असा शब्द हवा. मराठीत तो आयता आहे. मी लिहिलं:

'आपला निरोप फक्त आपल्यालाच वाचता येतो.'

वकीलबाईंनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, घातला, परत वाचलं.

"आपल्यालाच म्हणजे तुम्हालाच ना?"

"हो. आदराने."

"आणि 'आपल्याला' म्हणजे आपल्या सगळ्यांना, असा कोणी अर्थ घेतला तर?"

"तोही व्याकरणाला धरूनच आहे. आपण म्हणजे तुम्ही, आपण म्हणजे आपण सगळे. शब्द एकच."

"म्हणजे त्यात कंपनीही बसते?"

"बसायला काय, ऐसपैस बसेल."

त्यांनी उभ्या उभ्या सही केली. मला नासाहेबांकडे घेऊन गेल्या. नासाहेबांनी टाळ्या वाजवल्या, काचेपलीकडच्या लोकांनीही वाजवल्या, काही न कळता. "मराठी फार सोयीची भाषा आहे हो," वकीलबाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत आपल्या भाषेचं असं कौतुक मी कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. डोळे भरून आले.

आता हे वाक्य मंजूर. यापुढे त्यात फक्त शुद्धलेखनाची दुरुस्ती होऊ शकते आणि ती करायचा अधिकार माझ्या एकट्याचा. म्हणजे व्हायचीच नाही.

१० मार्च, सोमवार

नवी कोरी खुर्ची! मी चकार शब्द काढला नव्हता. नासाहेबांची नजर बारीक आहे, माणूस अवघडून बसलेला त्यांना दिसतो. एवढी बारीक नजर असलेल्या माणसाला आमच्या चहातलं पाणी कसं दिसत नाही, हे मात्र कळत नाही.

१२ मार्च, बुधवार

चहा सुधारला. आता चमचा उभा राहील.

दुसरी बातमी त्याहून मोठी. एक भलंमोठं रुग्णालय 'गुपचूप' घेणार आहे, सगळ्या डॉक्टर-नर्सांसाठी. नासाहेब ज्याला त्याला मिठी मारत सुटले होते. आणि गंमत म्हणजे ते ताईचंच रुग्णालय! माझी थोरली बहीण तिथे ऑपरेशन थिएटरची मुख्य नर्स आहे. ही माझी बहीण, असं सांगावंसं वाटलं. पण नवा माणूस मिरवतोय असं दिसायला नको, म्हणून गप्प बसलो.

१४ मार्च, शुक्रवार

आई 'गुपचूप'चा पासवर्ड विसरली. मला न सांगता तिने आमच्या मदतकेंद्राला फोन लावला आणि दोन तासांत सगळं परत मिळवलं. मावशीशी झालेलं वर्षभराचं बोलणं, फोटो, काहीही हरवलं नाही.

"बाई फार गोड बोलली हो," आई म्हणाली. "गुडघा कसा आहे म्हणून विचारलं तिने."

"तू तिला गुडघ्याचं सांगितलंस?"

"छे! ते मावशीला लिहिलं होतं."

मला अभिमान वाटला. आमच्या मदतकेंद्राचं प्रशिक्षणच तसं आहे. आवाजावरून वय ओळखायचं, आणि त्या वयात गुडघा दुखतोच.

योगायोग म्हणजे आज मी नेमकं तेच वाक्य लिहून दिलं होतं: 'पासवर्ड विसरलात? घाबरू नका. आपलं सगळं आम्ही जसंच्या तसं परत देऊ.' आईला कौतुकाने दाखवलं. ती म्हणाली, "अरे, पण तुमच्यातल्या कोणालाच ते उघडता येत नाही ना? मग परत कुठून दिलंत?"

"ती तांत्रिक बाब आहे, आई."

"कुलूप मोडलं का?"

"नाही गं."

"मग दुसरी किल्ली असणार. त्यात काय तांत्रिक?"

आईशी वाद घालण्यात अर्थ नसतो. किल्लेदारांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, हो, एक राखीव किल्ली असते, पण ती आपण वापरत नाही. मी म्हटलं, मग ठेवता कशाला? ते म्हणाले, वापरायची वेळ आली तर. मला पटलं. छत्रीचं तरी काय वेगळं असतं? हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मी माझी छत्री शेजाऱ्यांकडे ठेवून येत नाही." पिढीचा फरक आहे.

१९ मार्च, बुधवार

ताई आली होती. चेहरा पाहूनच कळलं की काहीतरी बिनसलंय.

तिच्या थिएटरात शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करायचं एक वाफेचं मशीन आहे. आत जाणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्यावर एक कागदी पट्टी चिकटवतात. वाफ नीट बसली की पट्टीवरच्या रेघा काळ्या होतात. गेले दोन महिने रेघा काळ्या होत नाहीत, राखाडी राहतात. ताईने तीनदा लेखी तक्रार केली. व्यवस्थापक म्हणाले, "सिस्टर, राखाडी म्हणजे काळ्याचाच प्रकार. सही करा." ताईने सही केली नाही, मग त्यांनी ती दुसऱ्या कोणाकडून तरी करून घेतली. या महिन्यात दोन पेशंटच्या जखमा चिघळल्या. त्यातली एक बाई अजून घरी गेलेली नाही. ताईला झोप नाही.

तेव्हापासून ती दर पट्टीचा फोटो काढते, तारखेसकट. ते घेऊन ती आरोग्य खात्याच्या तपासनीसबाईंकडे जाणार. तोवर रुग्णालयाला कळलं तर ते पट्ट्या फेकतील, मशीन हलवतील आणि ताईलाच खोटी पाडतील.

"तुमच्या त्या गुपचूपवर ठेवू का फोटो?" तिने विचारलं. "कोणी वाचणार नाही ना?"

मी खिशातून फोन काढून तिला पहिला पडदा दाखवला. माझं वाक्य.

तिने ते दोनदा वाचलं. "आपल्यालाच म्हणजे कोणाला?"

"म्हणजे तुला. आदरार्थी अनेकवचन. शाळेत तुला व्याकरणात किती गुण पडायचे?"

"पेशंटला मी म्हणते, चला, आपण आता इंजेक्शन घेऊ या. घेतो तो एकटाच."

"ताई, प्रत्येक शब्दात शंका काढली तर माणसाने बोलायचं कसं?"

"बरं बाबा," म्हणाली आणि चहा पिऊन गेली. जाताना बजावलं, "कोणाला बोलू नकोस हं. तुझ्या पोटात काही राहत नाही." मी शपथ घेतली. एकूण ४२ फोटो आहेत. ९ एप्रिलला तपासनीसबाईंची वेळ मिळाली आहे. कोणालाही सांगणार नाही. इथे लिहिलं ते सांगण्यात मोडत नाही.

२१ मार्च, शुक्रवार

दोन मजेशीर गोष्टी.

बैठकीत मी उभाच होतो, तर मालक हसत म्हणाले, "बसा हो, नासाहेब सांगताहेत म्हणून तरी बसा!" मला ठसकाच लागला. हे नाव मी कोणापुढे उच्चारलेलं नाही, आरशापुढेसुद्धा नाही. पण विनोद असा दोन डोक्यांत एकदम सुचू शकतो. म्हणजे माणूस रसिक आहे. उगाच त्याच्याबद्दल वाईट लिहिलं.

नंतर किल्लेदार चहाच्या यंत्रापाशी भेटले. "ताई बऱ्या आहेत ना?" इतक्या आपुलकीने विचारलं की मला, मी तिच्याविषयी यांना कधी सांगितलं, हे विचारायचं सुचलंच नाही. सांगितलं असणार. माझ्या पोटात काही राहत नाही म्हणतात ते खरं.

२८ मार्च, शुक्रवार

ताईला निलंबित केलं.

संध्याकाळी आली आणि जेवणाच्या टेबलावर माझ्यापुढे एक कागद टाकला. म्हणाली, "तपास."

रुग्णालयाचं पत्र. 'संस्थेची बदनामी करण्याच्या हेतूने थिएटर विभागातील बेचाळीस छायाचीत्रे काढून ती बाहेरील यंत्रणेस पुरवण्याचा कट...' लाल पेन हातात आलंच. मी सवयीने 'छायाचीत्रे'तली दुसरी वेलांटी पहिली केली.

"वेलांटी नाही रे," ताई म्हणाली. "आकडा."

"बेचाळीस. का?"

"चोवीस आहेत."

मी म्हटलं, तुझ्या हाताखालच्या त्या तिघी नर्स, त्यांच्यातलीच कोणीतरी फुटली असेल. ताई कधी आवाज चढवत नाही, आज चढवला. "माझ्या पोरींवर घेऊ नकोस! त्यांना फोटो आहेत एवढं माहीत आहे, किती ते माहीत नाही."

"मग गुपचूपवर टाकलेस तेव्हा..."

"एक अक्षर टाकलेलं नाही. त्या दिवशी तुला साधा प्रश्न विचारला, आपल्यालाच म्हणजे कोणाला? तू मला माझे शाळेतले गुण विचारलेस. मी तेव्हाच ठरवलं, नको. फोटो माझ्या फोनात आहेत आणि आकडा फक्त तुला सांगितला होता. चोवीस."

"मी कोणाला सांगितलेलं नाही, ताई. आईची शपथ."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "माझी नको."

ताई गेली. मी मघापासून इथे लिहीत बसलोय. मी खरंच कोणाला सांगितलेलं नाही. आणि कोणी ऐकून सांगितलं असतं तरी चोवीसचं बेचाळीस ऐकू येत नाही. ती ऐकण्यातली चूक नाहीच, ती लिहिण्यातली चूक आहे, दोनचार आणि चारदोन. अशी आकड्यांची उलटापालट मी हजारदा पकडली आहे. म्हणजे कोणीतरी कुठेतरी लिहिताना

१९ तारखेची नोंद बघून येतो.

२९ मार्च, शनिवार (कागदावर)

हे मी जुन्या भूगोलाच्या मुद्रितांच्या कोऱ्या पाठीवर लिहितोय. पलीकडच्या बाजूला ज्वालामुखी आहे.

४२. मीच लिहिलंय. जगात २४चे ४२ एकाच ठिकाणी झालेत, माझ्या 'मनातलं'मध्ये, ब्रह्मदेवालाही न दिसणाऱ्या त्या कप्प्यात. तिथून ते रुग्णालयाच्या पत्रात गेले.

खुर्ची. चहा. आईचा गुडघा. नासाहेब. किल्लेदार रोज सकाळी माझ्याआधी येऊन पडद्याकडे बघत गालात हसायचे, तेव्हा मला वाटायचं की ते वर्तमानपत्र वाचताहेत. मी रोज मोठ्या हौसेने माझ्या मालकांसाठी लिहीत होतो आणि ते मला खुश ठेवत होते, जेणेकरून मी आणखी लिहीन. मग त्यांच्या नव्या गिऱ्हाइकाला उपयोगी पडेल असं काही मीच त्यांना वाढून दिलं.

ताईची सव्वीस वर्षांची नोकरी मी घालवली. दुसऱ्या कोणी नाही. त्या जखम चिघळलेल्या बाईंचं काय झालं हे विचारायचीही मला लाज वाटते. आणि यातला सगळ्यात जिव्हारी लागणारा भाग हा, की मी आकडा बरोबर लिहिला असता तर अजून त्या तीन बिचाऱ्या पोरींना नावं ठेवत बसलो असतो. माझी चूकच तेवढी प्रामाणिक निघाली.

सकाळी ताईकडे जाऊन सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता कपड्यांच्या घड्या घालत राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुझ्या पोटात राहत नाही हे माहीत होतं," शेवटी म्हणाली. "पण तू तारीख घालून लिहून ठेवशील असं नव्हतं वाटलं."

"मी सोमवारीच राजीनामा देतो."

"दे की. आणि सिद्ध कसं करणार? ते म्हणतील, नर्सच्या भावाला भास होतात."

मी म्हटलं, जशी ही चूक पोचली तशीच आता एक मुद्दाम केलेली चूक पाठवून बघू. पोचते का ते कळेल.

३० मार्च, रविवार ('मनातलं'मध्ये)

दोन दिवस मन फार खट्टू होतं, म्हणून नीट लिहिलं नाही. शुक्रवारची अर्धवट नोंद तशीच राहू दे. १९ तारखेची नोंद पाहिली, त्यात गैर काही नव्हतं. ताईच्याच बरोबरीची कोणीतरी फुटली असणार. कंपनीचा काही दोष नाही. अशा प्रसंगी आपली कंपनी, आपली माणसं, आपली खुर्ची यांचाच आधार वाटतो.

ताईही आता थंडावली आहे. आज आम्ही बसून तिच्या फोनातले फोटो मोजले. काही दोनदा निघालेत, काही हललेत. धड असे फक्त १३. पत्रातला बेचाळीस हा आकडा साफ चुकीचा आहे, आणि ताई म्हणते, यावरून तिचा वकील अख्खं पत्रच रद्द करून घेईल. रुग्णालयाचं हसं होईल! पण त्यांना कोण सांगणार?

चहा उत्तम आहे. साखर किंचित कमी चालेल.

३ एप्रिल, गुरुवार (कागदावर)

सोमवारी चहात साखर कमी होती. पण ते मी धरत नाही.

आज जेवणाच्या सुट्टीत घरी आलो, तर ताई रुग्णालयाचं दुसरं पत्र घेऊन बसली होती. तिने माझ्यापुढे ठेवलं आणि मी आयुष्यात वाचलेला सगळ्यात सुंदर मजकूर वाचला:

'शुद्धिपत्र. दि. २८ मार्चच्या निलंबन आदेशात "बेचाळीस छायाचित्रे" असे नमूद झाले आहे. त्याऐवजी "तेरा छायाचित्रे" असे वाचावे. उर्वरित मजकूर कायम.'

खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. या वेळी 'छायाचित्रे'ही बरोबर लिहिलंय. माणसं सुधारतात.

ताई हसायला लागली. आठवड्यात पहिल्यांदा. हसता हसता डोळे पुसले आणि म्हणाली, "तेरा! कुठून आणले रे तेरा?"

"सुचले."

"ज्यांनी एकही फोटो बघितला नाही ते तेरा म्हणून सही-शिक्क्यानिशी लिहून देतात." तिने दोन्ही पत्रं आणि ३० तारखेच्या माझ्या नोंदीची छापील प्रत एकाच पाकिटात घातली. मग माझ्याकडे पाहिलं. "आता कागदावरच लिहितोस ना?"

"हो."

"कागद कुठे ठेवतोस?"

"आईच्या उशीखाली."

"मग सांगते. तपासनीसबाईंची वेळ नऊ एप्रिलची नाही. उद्याची आहे. त्या उद्या सकाळी स्वतः थिएटरात येणार आहेत, न कळवता. तुला मुद्दाम पुढची तारीख सांगितली होती."

"मला? का?"

तिने पाकीट चिकटवायला घेतलं. आई मात्र हसली. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, थोडंसं. पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. मी विश्वासाच्या लायकीचा नाही हे माझ्या बहिणीने वेळेवर ओळखलं म्हणून काहीतरी वाचलं.

जेवणाची सुट्टी संपायच्या आत कचेरीत परतलो. 'गुपचूप'ची नवी आवृत्ती उद्या सकाळी दहाला सगळ्यांच्या फोनवर जाते. मी मजकुराच्या यादीत गेलो, पहिलं वाक्य उघडलं, दुरुस्ती केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'शुद्धलेखन, एक सर्वनाम.' शुद्धलेखनाची दुरुस्ती कोणी उघडून बघत नाही. एकोणीस वर्षांचा अनुभव आहे.

४ एप्रिल, शुक्रवार, सकाळी पावणेअकरा ('मनातलं'मध्ये)

ही नोंद मी कचेरीत, न कुरकुरणाऱ्या खुर्चीवर बसून लिहितोय. काचेपलीकडे किल्लेदार त्यांच्या पडद्याकडे बघताहेत. पहिलं वाक्य लिहिताच त्यांचा कप ओठांशी थांबला. म्हणजे आपण वाचताय. नमस्कार. महिनाभर मी लिहीत होतो आणि आपण वाचत होतात, पण रीतसर ओळख राहूनच गेली होती.

माझ्या लिखाणात काही चुका राहिल्या, त्यांचं हे शुद्धिपत्र. १९ मार्चच्या नोंदीत '४२'ऐवजी '२४' असे वाचावे. त्याच नोंदीत '९ एप्रिल'ऐवजी '४ एप्रिल' असे वाचावे. ३० मार्चच्या नोंदीतला '१३' हा आकडा मी खास आपल्यासाठी घडवला होता, आणि आपण तो जराही सांडलवंड न करता रुग्णालयात पोचवलात, त्याबद्दल आभार. उर्वरित मजकूर कायम.

तपासनीसबाई साडेनऊला थिएटरात पोचल्या. ताईने मघाशी फोन करून सांगितलं, आपल्या अ‍ॅपवरून नव्हे, साधा फोन. नवं मशीन नऊ तारखेच्या आदल्या दिवशी यायचं ठरलं होतं म्हणे, त्यामुळे जुनंच अजून जागेवर आहे. बाईंनी स्वतःच्या हाताने एक पट्टी आत घातली आणि काढली. राखाडी निघाली. व्यवस्थापकांनी काळ्याच्या प्रकारांबद्दल सांगायला सुरुवात केली, तेव्हा बाईंनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं आणि थिएटरला सील लावलं. ताई कामावर कधी परत येईल ते ठाऊक नाही. पण आज त्या टेबलावर कोणालाही झोपवणार नाहीत.

आता आपल्या वाक्याबद्दल. मी हौसेने एक शब्द घातला, ज्यात पाठवणारा बसावा, घेणारा बसावा आणि आदरही राहावा. त्यात तिसरा कोणी आधीच ऐसपैस बसलाय हे वकीलबाईंना एका नजरेत दिसलं, ताईला दिसलं, पासवर्ड विसरणाऱ्या माझ्या आईलाही दिसलं. दिसलं नाही ते फक्त मला, आणि मजकूर बघायचा पगार मी घेत होतो. तेव्हा दुरुस्ती केली आहे. दहा वाजल्यापासून प्रत्येक फोनवर असं दिसतंय:

'तुमचा निरोप तुम्हालाही वाचता येतो आणि आम्हालाही.'

मदतकेंद्रातले सगळे फोन एकदम लकाकू लागलेत. त्यांना घंटी नाही, नुसते दिवे दिसतात. त्या गोड बाई एका फोनवर काहीतरी समजावताहेत आणि दुसरा हात कपाळावर आहे. आईचा मला फोन येऊन गेला. म्हणाली, "आता कसं सरळ लिहिलंस. आधीचं मला कळतच नव्हतं."

वकीलबाई उठल्या. चष्मा न पुसता निघाल्यात. मागोमाग नासाहेब, मागोमाग किल्लेदार, कप हातात घेऊनच. सगळ्या काचा ओलांडून माझ्यापर्यंत पोचायला त्यांना मिनिटभर लागेल. घाई करू नका. राजीनामा लिहून ठेवलाय, टेबलावर, डाव्या बाजूला, कागदावर. एकदा नीट वाचून घ्या. वाचायची आपल्याला सवय आहेच.

पत्राच्या शेवटी 'आपला' लिहून खाली सही करायची माझी जुनी सवय. आज तो शब्द गाळतो.